बाळंतपणाचं इंग्लिश: फाईल वाचायला, फोनवर सांगायला आणि लेबर रूममध्ये समजायला

माझ्या नणंदेला सातवा लागलाय. गेल्या आठवड्यात सोनोग्राफी करून ती रिक्षाने थेट आमच्याकडेच आली, सिंहगड रोडला, आणि दारातच रिपोर्ट पुढे करून म्हणाली वहिनी, यात लिकर लिहिलंय, लिकर अ‍ॅडिक्वेट, हे काय आहे, माझ्या सासूबाईंनी वाचलं तर काय समजतील. मी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. लिकर म्हणजे पोटातलं बाळाभोवतीचं पाणी. डॉक्टर लोक त्याचा उच्चार लायकर करतात. अ‍ॅडिक्वेट म्हणजे पुरेसं आहे, म्हणजे उत्तम रिपोर्ट. बिचारी अख्खा रस्ता घाबरून आली होती.

मी स्वतः मराठी मीडियमची. पहिलं बाळंतपण पुण्यात झालं, दुसरं नवऱ्याच्या डेप्युटेशनमुळे इंग्लंडमध्ये, त्यामुळे दोन्हीकडचं इंग्लिश अंगावर घेतलंय. इथे डॉक्टर मराठीत बोलतात पण फाईल सगळी इंग्लिशमध्ये, आणि तिकडे तर फोनसुद्धा इंग्लिशमध्येच करायचा. नणंदेसाठी वहीत जे लिहून काढलं तेच इथे देतेय. एक गोष्ट आधी सांगते, आपल्या आज्या-मावश्यांची बाळंतपणाची मराठी फार नेमकी आहे. डाग, कळ, पाणमोट, पायाळू, चीक, पान्हा, प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आहे. घोळ होतो तो त्या शब्दाचं शब्दशः इंग्लिश केल्यावर. तेव्हा मराठी शब्द आणि त्याच्या जागी दवाखान्यात खरंच वापरतात तो इंग्लिश शब्द, अशी जोडीच पाठ करायची.

आधी दिवस मोजायला शिका

आपण म्हणतो आठवा लागला, म्हणजे सात पूर्ण होऊन आठवा चालू. इंग्लंडमध्ये मिडवाइफने विचारलं हाऊ मेनी वीक्स आर यू, मी म्हटलं एट्थ मंथ, तिने आठ महिने पूर्ण धरले आणि माझं पोट लहान दिसतंय म्हणून तिच्या कपाळाला आठ्या. मी होते ३१ आठवड्यांची, तिने धरले होते ३५. नोट्स बघून लगेच उलगडलं, पण तेव्हापासून मी महिना हा शब्दच सोडला. आठवडे सांगायचे, वर दिवस सांगायचे. आय अ‍ॅम थर्टी वन वीक्स अँड टू डेज. आणि "आय अ‍ॅम प्रेग्नंट सिन्स सेव्हन मंथ्स" असं म्हणू नका, आय अ‍ॅम सेव्हन मंथ्स प्रेग्नंट म्हणा, आणि त्याहून बरं म्हणजे आठवडेच सांगा.

हे आठवडे कुठून मोजतात तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. फाईलवर एलएमपी लिहिलेलं असतं ते हेच, लास्ट मेन्स्ट्रुअल पीरियड. तिथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, म्हणजे ईडीडी, एक्स्पेक्टेड डेट ऑफ डिलिव्हरी. घरी काढायची सोपी रीत म्हणजे पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, १० जूनची पाळी असेल तर १७ मार्च. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ते किती जवळ आहे बघा. ही रीत २८ दिवसांनी नियमित येणाऱ्या पाळीची आहे, पाळी मागेपुढे होत असेल तर पहिल्या सोनोग्राफीवरून तारीख ठरवतात. पुण्यात सगळे डिलिव्हरी डेट म्हणतात, परदेशात ड्यू डेट. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालं तर प्रीटर्म, आपण अपुऱ्या दिवसांचं म्हणतो ते. तारीख उलटून गेली तर ओव्हरड्यू.

फाईलच्या पहिल्या पानावरची अक्षरं

जी, पी, एल, ए अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. जी म्हणजे ग्रॅव्हिडा, आत्ताचं धरून किती वेळा दिवस गेले. पी म्हणजे पॅरा, त्यातली किती बाळंतपणं झाली. एल म्हणजे लिव्हिंग, हयात मुलं किती. ए म्हणजे अबॉर्शन, यावर खाली वेगळं लिहितेय कारण ते महत्त्वाचं आहे. एक मूल आहे आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेत तर जी टू पी वन एल वन. पहिलटकरणीला प्रायमी म्हणतात. एएनसी म्हणजे बाळंतपणाआधीची तपासणी, पीएनसी म्हणजे नंतरची. एलएससीएस दिसलं तर सिझर, एफटीएनडी म्हणजे दिवस भरून झालेली नॉर्मल डिलिव्हरी. एचबी रक्तातलं हिमोग्लोबिन, गरोदरपणात ११ च्या खाली गेलं तर अ‍ॅनिमिया धरतात. जीडीएम म्हणजे गरोदरपणात निघालेली शुगर, पीआयएच म्हणजे गरोदरपणातलं ब्लड प्रेशर. तुमचा ब्लड ग्रुप आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी हा शब्द पक्का लक्षात ठेवा, ते इंजेक्शन सहसा २८ आठवड्यांच्या सुमाराला असतं आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. हे इंजेक्शन झालं का असं आपणही विचारायचं, संकोच करायचा नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट

भारतात सोनोग्राफी, इंग्लंडमध्ये नुसतं स्कॅन, अमेरिकेत अल्ट्रासाऊंड. ११ ते १३ आठवड्यांच्या आसपास एनटी स्कॅन ज्यात बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, १८ ते २० च्या सुमाराला अ‍ॅनॉमली स्कॅन ज्यात बाळाचे अवयव नीट बघतात, पुढे ग्रोथ स्कॅन. सिंगल लाइव्ह इंट्रायूटराइन म्हणजे गर्भपिशवीत एक जिवंत बाळ आहे. एफएचआर बाळाचे ठोके, मिनिटाला ११० ते १६० असतात, आपल्यापेक्षा जोरात पडतात म्हणून घाबरायचं नाही. बीपीडी, एचसी, एसी, एफएल ही डोकं, पोट आणि मांडीच्या हाडाची मापं. ईएफडब्ल्यू म्हणजे अंदाजे वजन, आणि तो खरोखर अंदाजच असतो.

प्लॅसेंटा म्हणजे वार, कॉर्ड म्हणजे नाळ. घरात पुष्कळदा वारेलाच नाळ म्हणतात आणि मग रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो. प्लॅसेंटा अँटिरिअर म्हणजे वार पुढच्या बाजूला, पोस्टिरिअर म्हणजे मागच्या, दोन्ही चांगल्या जागा आहेत, अँटिरिअर असेल तर बाळाची हालचाल जरा उशिरा जाणवते इतकंच. लो लाइंग म्हणजे वार खाली आहे, विसाव्या आठवड्यात असं लिहिलं असेल तर बहुतेकींची पुढे वर सरकते, म्हणून पुन्हा स्कॅन सांगतात. सेफॅलिक किंवा व्हर्टेक्स म्हणजे डोकं खाली, ब्रीच म्हणजे पायाळू, ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवं. सहाव्या-सातव्यात ब्रीच लिहिलं म्हणून कुणी रडत बसू नका, बाळाला फिरायला अजून भरपूर जागा आणि वेळ असतो.

अजून एक, अनरिमार्केबल असा शब्द दिसला तर तो चांगला आहे, म्हणजे वावगं काही दिसलं नाही. आणि डबल मार्करसारख्या रक्ताच्या टेस्टमध्ये स्क्रीन पॉझिटिव्ह आलं म्हणजे बाळाला आजार आहे असं नाही, शक्यता जास्त वाटतेय, पुढची तपासणी करा एवढाच त्याचा अर्थ. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं असं समजून पेढे आणायला निघाले होते आणि दुसऱ्या एका घरी त्याच शब्दावरून दोन दिवस चूल पेटली नव्हती. दोन्ही चुकीचं.

सोनोग्राफीच्या आधी आपल्याकडे एफ नावाचा फॉर्म भरून सही घेतात, त्यात मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. १९९४ च्या कायद्याने लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. परदेशात मात्र विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला डू यू वॉन्ट टू नो द सेक्स असं सरळ विचारतात, तिथे राहणाऱ्या मराठी बायका या प्रश्नाने दचकतात, मीही दचकले होते. नको असेल तर नो थँक यू, वी डोन्ट वॉन्ट टू नो, एवढं पुरतं.

अबॉर्शन हा शब्द

हे नीट वाचा. बोलीत आपण अबॉर्शन म्हणजे मुद्दाम केलेला गर्भपात असं समजतो. डॉक्टरी इंग्लिशमध्ये आपोआप पोट पडलं तरी त्याला अबॉर्शनच लिहितात, स्पॉन्टेनिअस अबॉर्शन. माझ्या मैत्रिणीला अडीच महिने झालेले असताना डाग दिसला, रिपोर्टवर आलं थ्रेटन्ड अबॉर्शन, आणि घरात सगळे समजले की आता बाळ काढून टाकावं लागणार. ती दोन दिवस जेवली नाही. खरा अर्थ एवढाच होता की रक्त जातंय पण गर्भपिशवीचं तोंड बंद आहे, गर्भ टिकून आहे, जपा. तिची मुलगी आता दुसरीत आहे. मिस्ड अबॉर्शन म्हणजे ठोके थांबलेत पण गर्भ अजून आतच आहे. इनकम्प्लीट म्हणजे थोडा भाग राहिलाय. आणि पुढच्या वेळी फाईलवर ए वन लिहितात तेव्हा ज्या बाईचं हवंहवंसं बाळ गेलं तिला ते अक्षर टोचतं, मी पाहिलंय. नातेवाइकांनी निदान घरात तरी हा शब्द वापरू नये. इंग्लंडमध्ये आता मिसकॅरेजच म्हणतात, तुम्हीही स्वतःबद्दल सांगताना आय हॅड अ मिसकॅरेज अ‍ॅट टेन वीक्स असं सांगा. दिवस भरत आलेले असताना बाळ पोटातच गेलं तर त्याला स्टिलबर्थ म्हणतात, फाईलवर आययूडी किंवा आययूएफडी लिहितात. असं कुणाचं झालं असेल तर आय अ‍ॅम सो सॉरी म्हणा आणि गप्प बसा. ॲट लीस्ट यू आर यंग वगैरे म्हणू नका, इंग्लिशमध्येही नाही आणि मराठीतही नाही.

फोनवर सांगायचं कसं

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथे करावी, कारण फोनवर चेहरा दिसत नाही, हात दाखवता येत नाही. नणंदेला मी सांगितलंय, प्रत्येक वेळी चार गोष्टी सांगायच्या, किती आठवडे, काय होतंय, कधीपासून, किती प्रमाणात.

अंगावरून जातंय हे आपलं वाक्य पांढरं, लाल, पाणी तिन्हींना चालतं आणि इंग्लिशमध्ये तिन्ही वेगळे. पांढरं जाणं म्हणजे डिस्चार्ज, रंग सांगा, वास येतोय का सांगा. डाग म्हणजे स्पॉटिंग. रक्त जाणं म्हणजे ब्लीडिंग, आणि मग किती ते सांगायचं, लाइक अ पीरियड, किंवा आय अ‍ॅम सोकिंग अ पॅड एव्हरी अवर, गाठी पडत असतील तर क्लॉट्स. पाणी जाणं, इथे मी चुकले होते. रात्री पाणमोट फुटली आणि मी घाईत फोनवर म्हणाले आय अ‍ॅम पासिंग वॉटर. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली दॅट्स फाइन, डझ इट बर्न? कारण इंग्लंडमध्ये पासिंग वॉटर म्हणजे लघवी. म्हणायचं होतं माय वॉटर्स हॅव ब्रोकन. अमेरिकेत माय वॉटर ब्रोक. पुण्यात डॉक्टरांना लीकिंग होतंय म्हटलं की कळतं, केस पेपरवर पण लीकिंग पीव्ही असंच लिहितात, पीव्ही म्हणजे योनीमार्गातून. लगेच पुढचा प्रश्न रंगाचा येतो. स्वच्छ असेल तर क्लिअर, गुलाबी तर पिंक, हिरवट किंवा तपकिरी असेल तर ग्रीन ऑर ब्राऊन हे आधी सांगा, कारण बाळाने आत शी केल्याचं ते लक्षण असू शकतं, त्या शीला मेकोनियम म्हणतात.

बाळ रोजच्यापेक्षा कमी फिरतंय असं वाटलं तर द बेबी इज मूव्हिंग लेस दॅन युज्वल, हे वाक्य तोंडपाठ करा आणि सकाळपर्यंत थांबू नका, त्याच वेळी फोन करा. गोड खाऊन बघ, कुशीवर झोपून बघ असं घरचे सांगतील, प्रेमाने सांगतील, तरी फोन करा.

डोकं दुखतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, अंधुक दिसतंय, बरगडीखाली दुखतंय, तोंड-हात एकदम सुजलेत, हे प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात ब्लड प्रेशर वाढून होणाऱ्या गंभीर आजाराचं, असू शकतं. सिव्हिअर हेडेक, फ्लॅशिंग लाइट्स, ब्लर्ड व्हिजन, पेन अंडर माय रिब्स, सडन स्वेलिंग. तळहात-तळपायांना खाज सुटली, पुरळ नसताना, तर इचिंग ऑन माय पाम्स अँड सोल्स, नो रॅश. हे साधं वाटतं पण सांगायचंच, लिव्हरचं कारण असू शकतं.

दुखण्याचे प्रकार मराठीत किती आहेत बघा. ठणकतंय म्हणजे थ्रॉबिंग, चमक निघते म्हणजे शूटिंग पेन, मुरडा म्हणजे क्रॅम्प, नुसतं मंद दुखतंय म्हणजे डल एक (dull ache), खाली जड वाटतंय म्हणजे प्रेशर. पायात गोळे येतात ते लेग क्रॅम्प्स. छातीत जळजळ म्हणजे हार्टबर्न, तिला चेस्ट पेन म्हणू नका, लोक हृदयाच्या तपासण्या सुरू करतील. आणि छातीत खरंच दुखत असेल तर मात्र चेस्ट पेनच म्हणा. मळमळ नॉशिया, कोरडे उमासे ड्राय रेचिंग, उलटी व्हॉमिटिंग, काहीच पोटात टिकत नाही तर आय कान्ट कीप एनीथिंग डाऊन, या शेवटच्या वाक्याने लगेच सलाईनचं बघतात.

कळांचं वेगळं. पुण्यात पेन्स म्हणतात, पेन्स सुरू झाल्या का असं सिस्टर विचारते. परदेशात काँट्रॅक्शन्स. किती मिनिटांनी येते आणि किती वेळ टिकते, दोन्ही लागतं. दे आर फाइव्ह मिनिट्स अपार्ट, ईच वन लास्ट्स अ मिनिट. पोट नुसतं कडक होऊन सुटतंय, अंतर ठरलेलं नाही, तर टायटनिंग्ज म्हणा, खोट्या कळा असतील. चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव गेला तर त्याला शो म्हणतात. आणि पुण्यात असाल, गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन लावा, तिथे मराठीतच बोला, इंग्लिशच्या नादात वेळ घालवू नका.

लेबर रूममध्ये कानावर पडणारं

इथे बोलायचं कमी आणि समजायचं जास्त. पीव्ही करायचंय म्हणजे आतून तपासायचंय. चार सेंटिमीटर, सहा सेंटिमीटर म्हणजे गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, दहा म्हणजे फुली डायलेटेड. इंडक्शन म्हणजे औषधाने कळा सुरू करणं. एनबीएम लिहिलं की तोंडाने काही द्यायचं नाही, बाहेर बसलेल्या आईला हे नीट सांगा, ती शिरा घेऊन उभी असते. पुश म्हणजे कळ द्या, डोन्ट पुश म्हटलं की तोंड उघडून छोटे छोटे श्वास, जोर लावायचा नाही. एपिड्युरल म्हणजे कमरेतून वेदना कमी करायचं औषध. इंग्लंडमध्ये गॅस अँड एअर विचारतात, तो तोंडाने ओढायचा वायू असतो, मला तो चांगला लागू पडला. बाळाला वाट द्यायला छेद घेतला तर एपिझिओटॉमी, आपोआप फाटलं तर टेअर, दोन्हींच्या टाक्यांना स्टिचेस.

इलेक्टिव्ह सिझर म्हणजे हौसेने केलेलं नाही, आधी ठरवून केलेलं. इमर्जन्सी सिझर म्हणजे आयत्या वेळी ठरलेलं, प्रत्येक वेळी जिवावर बेतलेलं असतं असं नाही. हे बाहेरच्या बाकावरच्या माणसांना माहीत असलं तर अर्धी रडारड वाचेल.

बाळाची अपगार स्कोअर नावाची नोंद होते, व्हर्जिनिया अपगार नावाच्या डॉक्टर बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत काढली. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला रंग, ठोके, हालचाल, प्रतिसाद, श्वास बघून दहापैकी गुण. सात आणि वर म्हणजे छान. आठ का आले, दहा का नाही, असं विचारू नका, बहुतेक बाळांचे हातपाय पहिल्यांदा निळसर असतात म्हणून तिथेच एक गुण जातो. डिस्चार्ज कार्डवर क्राइड इमीजिएटली आफ्टर बर्थ हे वाक्य शोधा आणि कार्ड जपून ठेवा, पुढे मुलांचे डॉक्टर तेच विचारतात.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता, आणि त्याआधी चौदाव्या वर्षी त्यांचं स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. १८८७ मध्ये याच पुण्यात त्या गेल्या. हे सगळे परके शब्द ती मुलगी एकटी शिकली, ते आठवलं की मला फाईल वाचायचा कंटाळा करवत नाही.

ऑफिसमध्ये सांगताना

हिंजवडीवाल्यांसाठी थोडक्यात. आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग, अँड माय ड्यू डेट इज सेव्हन्टीन्थ मार्च. आय वुड लाइक टू स्टार्ट माय मॅटर्निटी लीव्ह फ्रॉम, आणि तारीख. दोन ओळी पुरे, तब्येतीचा तपशील द्यायची गरज नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातली बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येते. मिसकॅरेज झालं तरी ६ आठवडे मिळतात, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. डोहाळजेवणाला बेबी शॉवर म्हटलं तरी चालतं, मी मात्र डोहाळजेवणच म्हणते आणि विचारलं तर समजावून सांगते.

बाळ झाल्यावर

आय डिलिव्हर्ड म्हटलेलं भारतात चालतं, तिकडे आय हॅड अ बेबी गर्ल किंवा आय हॅड माय बेबी ऑन मंडे. चीक म्हणजे कोलोस्ट्रम, तो फेकायचा नाही. पान्हा फुटणं म्हणजे लेट-डाऊन. दूध साठून छाती दगड होते ते एन्गॉर्जमेंट, लाल होऊन ताप आला तर मॅस्टायटिस असू शकतो, फोन करा. बाळ नीट धरत नाही तर द बेबी इजन्ट लॅचिंग. वरचं दूध पुण्यात टॉप फीड, बाहेर फॉर्म्युला. ढेकर काढणं अमेरिकेत बर्पिंग, इंग्लंडमध्ये विंडिंग. टाळू म्हणजे सॉफ्ट स्पॉट, कावीळ म्हणजे जॉन्डिस, दिव्याखाली ठेवतात ती फोटोथेरपी. बाळंतपणानंतर जे रक्त जातं ते लोकिया. आपला सव्वा महिना आणि त्यांचे सहा आठवडे जवळजवळ सारखेच, सिक्स वीक चेक चुकवू नका, मंडईतून आणलेले डिंक-अळीव संपले तरी ही तपासणी राहायला नको.

मनाचं बोलायला मात्र मराठीतही शब्द अडतात. पहिले काही दिवस उगाच रडू येतं त्याला बेबी ब्लूज म्हणतात, ते सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, झोप मिळूनही झोपवत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, नको ते विचार येतात, तर ते पोस्टपार्टम डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आय अ‍ॅम नॉट फीलिंग लाइक मायसेल्फ, आय नीड हेल्प. नको ते विचार येत असतील तर त्याच दिवशी सांगायचं. इंग्लिश नाही आठवलं तर मराठीत सांगा, नवऱ्याला सांगा आणि त्याला फोन लावायला लावा.

नणंदेच्या फ्रिजवर मी कागद चिकटवून आलेय. वर तिची ईडीडी, ब्लड ग्रुप, डॉक्टरांचा नंबर, १०८, आणि खाली तीन वाक्यं मोठ्या अक्षरात, पाणमोटीचं, रक्ताचं आणि बाळाच्या हालचालीचं. तिच्या नवऱ्याकडून तिन्ही दोनदा म्हणून घेतली, सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनीही म्हटली.